सर्ज प्रोटेक्टर असूनही प्लग वितळतो, तो का? आरव्हीची वीज जोडण्याचा योग्य क्रम

अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन भटकणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक समज पक्का आहे: सर्ज प्रोटेक्टर (विजेचा पुरवठा आणि गाडीची केबल यांच्यामध्ये लावायचं संरक्षक यंत्र) लावला की विजेची चिंता मिटली. मग कँपग्राउंड (आरव्ही मुक्कामाला लावायची जागा) सोडायच्या सकाळी प्लग ओढायला जावं, तर तो निघत नाही. निघालाच तर एक पिन काळी पडलेली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगलेलं आणि नाकाला करपलेल्या मासळीसारखा वास. सर्ज प्रोटेक्टरवरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत चालू.

दिवा खोटं बोलत नव्हता. कँपग्राउंडच्या विजेच्या खांबावरून येणारी वीज कशी आहे, तेवढंच तो सांगतो. व्होल्टेज फार कमी-जास्त झालं, न्यूट्रल तुटला, फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर चांगल्या प्रतीचा प्रोटेक्टर पुरवठा तोडतो. पण त्याची स्वतःची पिन सॉकेटात ढिली बसली असेल, तर काही थोड्या मॉडेलांतच तापमान ओळखणारा सेन्सर असतो. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. ब्रेकरलाही लागत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. वाढलेला असतो तो जोडातला रोध (रेझिस्टन्स).

हिशोब असा. ढिल्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. २४ अँपिअर वाहत असतील तर त्या जोडावर २.४ व्होल्ट पडतात आणि जवळपास ५८ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्न प्लगच्या आत ठेवून रात्रभर चालू सोडल्यासारखं. ३० अँपिअरचा ब्रेकर याकडे ढुंकूनही पाहत नाही. करंट निम्म्यावर आणला की मात्र उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तयारी: जवळ काय हवं

भिंतीवरच्या सॉकेटात खोचायचा छोटा व्होल्टमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्च, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि प्रोटेक्टरला आधार द्यायला एखादी पट्टी किंवा हुक. मल्टिमीटर असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. प्रोटेक्टरच्या डिस्प्लेवर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसायला हवेत. नुसता दिवा असलेला स्वस्त प्रोटेक्टर या कामात निम्माच उपयोगी. नवा घेणार असाल तर डिस्प्लेवर पैसे घाला.

१. आधी भाराचा हिशोब

तीन पिनांचा प्लग असेल तर तुमची गाडी ३० अँपिअरची: १२० व्होल्ट, एकूण ३,६०० वॅट. चार पिना असतील तर ५० अँपिअरची: दोन फेज, प्रत्येकी ५० अँपिअर, एकूण १२,००० वॅट. या दोघींत फरक जवळजवळ सव्वातीनपट आहे. जळालेले प्लग बहुतेक ३० अँपिअरवाल्यांचे का असतात, ते इथे कळतं. ती गाडी दिवसभर मर्यादेच्या काठावरच चालवली जाते.

तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी ८० टक्क्यांचा नियम पाळा. ३० वर २४ अँपिअर, ५० वर प्रत्येक फेजला ४०.

आता आपल्या घरच्या सवयी बघा. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी साधारण १२ ते १५ अँपिअर घेतो. पाण्याच्या टाकीचा विजेवरचा हीटर १२. मायक्रोवेव्ह १२-१३. चहासाठी आणलेली १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५. विजेची किटली किंवा खोली गरम करायचा हीटर १२.५. बॅटरी उतरलेली असेल तर चार्जर आणखी काही अँपिअर खातो, तो वेगळाच. एसी आणि पाण्याचा हीटर एवढ्या दोघांतच २४ चा आकडा गाठला जातो, आणि मग कोणीतरी इंडक्शनवर पोह्यांची कढई चढवतं.

उपाय अगदी साधा आहे. पाण्याचा हीटर बहुधा गॅसवरही चालतो, तो गॅसवर लावा. स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद ठेवा किंवा स्वयंपाकच गॅसवर करा. कोणती दोन उपकरणं एका वेळी चालवायची नाहीत, ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा. भारतातून आलेल्या आई-बाबांना ते सांगायला विसरू नका; दिवसभर गाडीत तेच असतात.

*तपासा:* सगळं नेहमीसारखं चालू असताना डिस्प्लेवरचे अँपिअर वाचा. ३० च्या गाडीत ते २४ च्या वर असतील, तर पुढच्या पायऱ्या कितीही नीट केल्या तरी जोड तापणारच.

२. निघण्यापूर्वी, वीज नसताना पाहणी

हे काम अंगणात, दिवसाउजेडी करा. कँपग्राउंडवर अंधारात पोचल्यावर कोणीही पिना निरखत बसत नाही.

केबलची दोन्ही टोकं, प्रोटेक्टरचा प्लग आणि सॉकेट, आणि बरोबर असलेले सगळे अॅडॅप्टर एका रांगेत मांडा. प्रत्येक पिन टॉर्चच्या उजेडात पाहा. सगळ्या पिनांचा रंग एकसारखा हवा. एकच पिन तपकिरी, निळसर किंवा काळी दिसत असेल, पृष्ठभागावर खड्डे असतील, पिनेच्या बुडाशी प्लास्टिक फुगलं किंवा चिरलं असेल, तर तो भाग बाद. ‘अजून चालतोय की’ हे इथे चालत नाही. तापलेल्या सॉकेटातल्या स्प्रिंगची पकड गेलेली असते. पुढच्या वेळी ते आणखी तापतं, पकड आणखी जाते.

नुसती धूळ किंवा मळकट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, पुसा, पूर्ण सुकू द्या. सँडपेपर लावू नका. पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि उघडं पडलेलं पितळ लवकर काळं पडतं. शिलाई मशीनचं तेल वगैरे घरगुती प्रयोगही नकोत, त्यावर वाळवंटातली माती चिकटून बसते.

मग प्रोटेक्टर आणि केबल एकमेकांत घालून पकड बघा. घालताना जोर लागला पाहिजे, काढतानाही लागला पाहिजे. हाताला सहज निसटत असेल तर तिथे उष्णता होणार हे धरून चाला.

गाडीच्या अंगावरचं, फिरवून बसवायचं जोडणीचं तोंड विशेष बघा. बहुतेकांचं लक्ष खांबाकडे असतं, पण ३० अँपिअरच्या गाड्यांत जळण्याची ही आवडती जागा आहे. केबल आत ढकलून उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायची आणि वरची रिंग आवळायची. अर्धवट फिरवली तर पिना फक्त कडेला टेकतात. दिवे लागतात, टीव्ही चालतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. एसी सुरू झाला की तिथेच तापायला लागतं.

भाड्याची आरव्ही असेल तर ही पाहणी ताबा घेताना, कंपनीच्या माणसासमोर करा. काळी पिन दिसली की फोटो काढा आणि केबल बदलून मागा. तुमच्या आधी ती केबल कोणी किती ताणली, याची नोंद कुठेच नसते.

३. खांबाची पाहणी

कँपग्राउंडवर प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो. त्यावर साधारणपणे २०, ३० आणि ५० अँपिअरची सॉकेटं आणि प्रत्येकाचा ब्रेकर. ही सॉकेटं वर्षानुवर्षं रोज नव्या गाडीला जोडली जातात. ग्रँड कॅनियनचं ट्रेलर व्हिलेज किंवा येलोस्टोनचं फिशिंग ब्रिज यांसारख्या मागणीच्या ठिकाणी एक गाडी निघते तोवर दुसरी दारात असते. सॉकेटाची पकड ढिली होते ती अशाच वापराने.

गाडी लावून स्लाइड-आउट (खोली मोठी करायला बाहेर सरकणारा गाडीचा भाग) बाहेर काढण्याच्या आधी खांबापाशी जा. सॉकेटाच्या खाचांभोवती काजळी, वितळल्याच्या खुणा, तडा, सैल हलणारं तोंड दिसलं तर तिथे प्लग घालू नका. ऑफिसात सांगा, जागा बदलून मागा. पसारा मांडल्यावर जागा बदलायला कोणी तयार होत नाही, आणि मग ‘एकच रात्र तर आहे’ असं म्हटलं जातं.

*इशारा:* खांबाची पेटी उघडून स्क्रू आवळायच्या भानगडीत पडू नका. तुमचा ब्रेकर बंद असला तरी आतल्या मुख्य तारा जिवंत असतात. ते काम कँपग्राउंडच्या इलेक्ट्रिशियनचं.

४. जोडण्याचा क्रम

सर्वाधिक चुका इथेच होतात. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ब्रेकर चालू असताना प्लग घालणं. आत एसी किंवा चार्जर चालू स्थितीत असेल तर पिना टेकताक्षणी ठिणगी पडते आणि धातूवर बारीक खड्डा होतो. तो खड्डा म्हणजे पुढच्या रोधाची सुरुवात. खांबावरच्या सॉकेटातले खड्डे आधीच्या लोकांनी असेच पाडलेले असतात.

पहिल्यांदा गाडीतला एसी, पाण्याचा हीटर, मायक्रोवेव्ह बंद करा आणि गाडीचा मुख्य ब्रेकरही पाडा. खांबावरचा ब्रेकर बंद आहे ना, हाताने खात्री करा.

मग एकटा प्रोटेक्टर खांबात घाला. केबल अजून जोडायची नाही. ब्रेकर चालू करा आणि प्रोटेक्टरला वीज तपासू द्या. अनेक मॉडेलं पुरवठा पुढे सोडण्याआधी दोनेक मिनिटं थांबतात. एसीच्या काँप्रेसरला लागोपाठ झटके बसू नयेत म्हणून हा थांबा असतो. यंत्र बिघडलं म्हणून घाईने काढ-घाल करू नका. काही दोष दाखवला तर ऑफिसात जा. दोष नसेल तर व्होल्ट वाचून ब्रेकर पुन्हा बंद करा.

आता केबलचं एक टोक गाडीला: ढकला, फिरवा, रिंग आवळा. दुसरं टोक प्रोटेक्टरला. दोन्ही पूर्ण आत गेले आहेत ना, ते बोटाने चाचपून बघा. प्लगचं तोंड आणि सॉकेटाचं तोंड यांत फट राहता कामा नये.

शेवटी आधार. प्रोटेक्टर आणि जाड केबल यांचं वजन खांबाच्या सॉकेटाला लोंबकळत राहिलं की पिना वाकड्या टेकतात: एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला फट. प्रोटेक्टर हुकाला टांगा किंवा खाली ठोकळा द्या, पण पाणी साचेल अशा जागी जमिनीवर सोडू नका. चोरीच्या भीतीने लावलेली साखळी प्लगला खाली ओढत नाही ना, हेही पाहा. हा प्रकार हमखास दिसतो. पावसासाठी प्लास्टिकची पिशवी गुंडाळण्याची सवयही सोडा. पिशवी उष्णता कोंडते, आणि प्लग वितळायला लागला तर दिसतही नाही. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका, पसरून ठेवा. गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

मग खांबावरचा ब्रेकर चालू. प्रोटेक्टरने वीज सोडल्यावर गाडीचा मुख्य ब्रेकर चालू.

५. भार हळूहळू चढवा, व्होल्ट वाचत राहा

छोटा व्होल्टमीटर गाडीच्या आत अशा सॉकेटात लावा जिथे दुसरं काही चालत नाही. दिवे सोडून सगळं बंद असताना प्रोटेक्टरचा आकडा आणि आतला आकडा दोन्ही लिहून घ्या. दोन मीटरांत एखाद्या व्होल्टचा फरक असू शकतो, तो मूळचाच आहे म्हणून पुढे वजा करायचा.

आता एसी लावा, नंतर पाण्याचा हीटर. २४ अँपिअरच्या आसपास पोचलात की पुन्हा दोन्ही आकडे वाचा. १० गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) २५ फुटी निरोगी केबल २४ अँपिअरला साधारण सव्वा व्होल्ट खाते. आतल्या तारा आणि जोड मिळून थोडं आणखी. मूळचा फरक वजा करून दोन-अडीच व्होल्टच्या आत असाल तर केबल, गाडीवरचं तोंड आणि आतला ट्रान्सफर स्विच (खांबाची वीज की जनरेटरची, ते बदलणारा) ठीक आहेत. तीनच्या वर गेलात तर यांपैकी कुठेतरी वीज उष्णता होऊन जाते आहे.

या युक्तीची एक मर्यादा आहे. प्रोटेक्टर व्होल्ट मोजतो ते त्याच्या स्वतःच्या प्लगच्या पुढे. त्यामुळे खांब आणि प्रोटेक्टर यांच्यामधला जोड या फरकात येतच नाही. भार चढल्यावर प्रोटेक्टरचाच आकडा खाली आला, तर ते कँपग्राउंडच्या लांब तारांमुळेही असू शकतं आणि त्या जोडामुळेही. ते वेगळं काढायला थर्मामीटरच लागतो.

उन्हाळ्यात, दुपारी सगळ्यांचे एसी चालू असताना, अनेक कँपग्राउंडचं व्होल्टेज ११० च्याही खाली येतं. कमी व्होल्टेजला एसीची मोटर जास्त करंट ओढते, म्हणजे जोडांवर ताण त्याच वेळी वाढतो. साधारण १०४ व्होल्टच्या खाली व्होल्टेज तपासणारे प्रोटेक्टर पुरवठा तोडतात. तो तोडला म्हणून चिडून प्रोटेक्टर काढून गाडी थेट खांबाला जोडणारे महाभाग असतात. तसं करू नका. भार कमी करा.

६. अर्ध्या तासाने तापमान

भार चढवल्यावर लगेच काही कळत नाही. धातू आणि प्लास्टिक तापायला वेळ लागतो. अर्धा तास थांबा, मग तीन जागी मोजा: खांबातला प्लग, प्रोटेक्टर आणि केबलचा जोड, गाडीवरचं तोंड.

थर्मामीटर चकचकीत धातूवर रोखू नका, तो खूप कमी आकडा दाखवतो. काळ्या प्लास्टिकच्या अंगावर, जवळून मोजा. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात काळं प्लास्टिक वीज नसतानाही तापतं, म्हणून भार चढवण्याआधीचा आकडा घेऊन ठेवा किंवा सूर्यास्तानंतर मोजा.

हवेपेक्षा ३० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त असेल तर चिंता नाही. कोमट प्लग हे दुखणं नाही. ५० अंशांहून जास्त फरक असेल, किंवा बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर ताबडतोब भार निम्मा करा. आणि तीन जोडांपैकी दोन थंड व एकच गरम असेल, तर आकडा मर्यादेत असला तरी दोष तिथेच आहे असं समजा. मला स्वतःला एकट्या आकड्यापेक्षा ही तुलना जास्त भरवशाची वाटते, कारण तिन्ही जोडांतून करंट तोच जात असतो.

*तपासा:* पहिल्या दिवशी दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी. त्यानंतर दिवसातून एकदा हात लावून बघितलं तरी पुरे.

७. गरम आढळलं तर

क्रम चुकवू नका. आधी उपकरणं बंद, मग गाडीचा मुख्य ब्रेकर, मग खांबावरचा ब्रेकर. थंड होऊ द्या. मगच प्लग मुठीला धरून सरळ बाहेर ओढा. केबलला धरून, वरखाली हलवत ओढल्याने सॉकेटाच्या स्प्रिंगा फाकतात.

ब्रेकर २४ अँपिअरच्या आतच पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो स्वतः किंवा शेजारचा जोड तापलेला असण्याची शक्यता मोठी. परत परत वर करू नका.

जळालेल्या प्लगची जोडी पूर्ण बदलावी लागते. जळका प्लग नव्या सॉकेटात घातला तर ते सॉकेट जातं, आणि उलटही तसंच. प्रोटेक्टरचीच पिन वितळली असेल तर तो उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, बदलाच.

केबलला नवा प्लग लावताना तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील, तर चकाकतं तांबं लागेपर्यंत केबल मागे कापा. काळी तार पितळी स्क्रूला, पांढरी चांदीरंगाच्या, हिरवी हिरव्या. तारांच्या टोकाला कथील लावू नका. दाबाखाली कथील हळूहळू सरकतं आणि आवळलेला स्क्रू महिन्याभरात ढिला होतो. वेष्टणाचा तुकडा स्क्रूखाली अडकू देऊ नका. हात बसलेला नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

८. गाडीच्या आत बसवलेला प्रोटेक्टर

कायमचा बसवलेला प्रोटेक्टर असलेल्यांना वाटतं, आपल्या प्रोटेक्टरला प्लगच नाही तर तापणार काय? तापतात स्क्रूचे जोड. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी प्रोटेक्टर आणि ट्रान्सफर स्विच यांच्यातले स्क्रू सैल होतात, शिवाय अनेकपदरी तार आवळल्यानंतर आत बसते आणि थोडी जागा सोडते. वर्षातून एकदा, खांबाची केबल काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करून, तारा मृत असल्याची मीटरने खात्री करून हे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने (ठरवून दिलेल्या जोराने आवळणाऱ्या) लेबलवर लिहिलेल्या मापाने आवळा. अंदाजाने जोर लावला तर तारा चिरडतात.

५० अँपिअरवाल्यांनी न्यूट्रलच्या जोडाकडे जास्त लक्ष द्यावं. तो जळून तुटला तर दोन फेजांमधलं व्होल्टेज उपकरणांत असमान वाटलं जातं; एका बाजूला १२० च्या ऐवजी २०० च्या घरात जाऊ शकतं. न्यूट्रल खांबापाशी तुटला तर प्रोटेक्टर पुरवठा तोडेल. त्याच्या स्वतःच्या पुढच्या जोडात तुटला, तर त्यालाही काही करता येत नाही.

नातेवाइकांच्या ड्राइव्हवेवर

सुट्टीत न्यू जर्सीच्या किंवा बे एरियातल्या नातेवाइकांच्या दारात आरव्ही उभी करून गराजच्या सॉकेटातून वीज घेणं हा आपला नेहमीचा कार्यक्रम. अॅडॅप्टर लावला की ३० अँपिअरचा प्लग १५ च्या सॉकेटात बसतो, आणि बसतो म्हणून चालेल असं वाटतं. इथे मर्यादा १२ अँपिअर सलग. म्हणजे एसी नाही, पाण्याचा हीटर विजेवर नाही. फ्रिज, दिवे, बॅटरीचं चार्जिंग एवढंच. गराजमधला केशरी, बारीक १६ गेजचा एक्स्टेंशन मुळीच वापरू नका. १२ किंवा १० गेजचा, लागेल तेवढ्याच लांबीचा घ्या. प्रत्येक अॅडॅप्टरने जोडांची संख्या वाढते, म्हणून अॅडॅप्टरला अॅडॅप्टर जोडू नका. आणि गराजचं सॉकेट स्वयंपाकघराच्या किंवा दुसऱ्या फ्रिजच्या सर्किटवर आहे का, हे काकूंना आधीच विचारून ठेवा.